राखणदाराचा शिधा

माझी भाची सध्या ज्या कादंबऱ्या वाचते, त्यांतला नायक साधारण चारशे वर्षांचा असतो. दिसायला अठ्ठाविशीचा. कुठल्यातरी पडक्या गढीत नाहीतर बर्फाळ सरहद्दीवरच्या किल्ल्यात राहतो, उजेडाचं वावडं, बोलणं मोजकं. एका घराण्याला त्याने कधीकाळी शब्द दिलेला असतो आणि त्या घराण्यातली शेवटची मुलगी जगली पाहिजे, एवढंच त्याचं काम. तो अंधारात तिच्या मागे चालतो, खिडकीखाली उभा राहतो, तिच्यावर धावून येणाऱ्याचा गळा फोडतो आणि मग आपल्या माखलेल्या तोंडाची लाज वाटून तिच्याकडे पाठ करतो. मोबाइलवर रोज एक भाग येतो. रात्री दीडला तिच्या खोलीतला दिवा चालू दिसला की समजायचं, आज पुन्हा त्या मुलीवर कोणीतरी चालून आलंय.

मीही वाचते. प्रियकर म्हणून व्हॅम्पायर मला साफ कंटाळवाणा वाटतो. चारशे वर्षं जगून माणूस इतकं कमी बोलत असेल तर त्याने वेळ वाया घालवला म्हणायचा. राखणदार म्हणून मात्र त्याच्यात दम आहे. शूर रक्षक कथाकादंबऱ्यांत पैशाला पासरी मिळतात. हा वेगळा, कारण जे राखायचं तेच त्याचं अन्न. मांजराला दुधाच्या राखणीला बसवावं आणि तिनं खरंच रात्रभर पातेल्याकडे बघत बसावं, तसला प्रकार. या कथांमधला एक प्रसंग ठरलेला: मुलीच्या हाताला काच लागते, रक्ताचा थेंब फरशीवर पडतो आणि तो दाराच्या चौकटीत नखं रुतवून उभा राहतो. जवळही येत नाही, निघूनही जात नाही. बाकीची चारशे पानं वाईट लिहिलेली असली तरी हे पान बहुतेक जणी नीट लिहितात.

मला अडतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी भाचीला विचारलं, "हा जेवतो काय?"

"हरणं."

"आणि दुष्काळ पडला तर?"

"मावशी, फँटसी आहे ती."

फँटसी आहे म्हणूनच विचारलं. तलवारीच्या मुठीवरची नक्षी तीन परिच्छेद चालते, किल्ल्याच्या पायऱ्या मोजून सांगतात, आणि चारशे वर्षं इमाने राखण करणाऱ्या माणसाचा शिधा कोण पुरवतं, हे कोणी सांगत नाही. निष्ठा आहे म्हटलं की पोटाचा प्रश्न मिटला. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी हे असं सोडलं नसतं.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा. वहाणा तुमच्याआमच्या मापाच्या नव्हेत, राक्षसी मोठ्या. लोक सांगतात, देव रात्री गावाच्या शिवेवरून गस्त घालतो, चालून चालून तळ झिजतात, म्हणून नवा जोड. त्या वहाणा बघितल्या की मला भक्तीपेक्षा हिशेबाची शिस्त जास्त जाणवते. तू आमच्यासाठी चालतोस, तुझे जोडे आमच्याकडे लागले. तळकोकणात शेताच्या राखणदाराला वर्षाचं देणं असतं, त्याला राखण देणंच म्हणतात, आणि ते चुकवायची कोणाची छाती नसते. घाटावर बांधावरच्या म्हसोबाची तीच गत. कोंबडं, नारळ, ज्याचं जे ठरलेलं असेल ते. त्याची आपल्यावर माया आहे असं कोणी म्हणत नाही. करार आहे.

गंमत म्हणजे युरोपातल्या पहिल्या गाजलेल्या व्हॅम्पायरनेही वहाणाच मागितल्या होत्या. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. पाठोपाठ गावात माणसं पटापट दगावायला लागली. त्याच्या बायकोने सांगितलं की तो रात्री घरी आला आणि त्याने आपल्या चपला मागितल्या. ती बाई गाव सोडून गेली. मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथल्या अंमलदारासमोर थडगं उकरलं, प्रेताला खुंटा मारून जाळलं, आणि त्याने हे सगळं सरकारी कागदावर लिहून वर पाठवलं. व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात ते छापूनही आलं. आता आपल्याला माहीत आहे की पुरलेलं प्रेत वायूने फुगतं, आतला काळपट द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आकसली की नखं वाढल्यासारखी दिसतात. गावकऱ्यांना दिसलं ते एवढंच, की हा ताजा आहे, खाऊनपिऊन सुखी आहे, आणि आमची माणसं मरताहेत. हा मूळचा व्हॅम्पायर सरदारबिरदार नव्हता. तो अंगणातून आत यायचा आणि पहिल्यांदा स्वतःच्याच घरात शिरायचा. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

त्यानंतरचं मोठं प्रकरण मेद्वेजा गावचं. आर्नोल्ड पाओले नावाचा माणूस गवताच्या गाडीवरून पडून मानेत मोडला होता. आपल्याला मागे एका व्हॅम्पायरचा त्रास झाला होता, म्हणून त्याच्या थडग्यातली माती खाल्ली आणि त्याचं रक्त अंगाला चोपडलं, असं तो जिवंतपणी सांगत असे. तो मेल्यावर लोकांनी त्याच्या नावानं बोंब मारली, आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा माणसं मरायला लागली तेव्हा फ्ल्युकिंगर नावाचा लष्करी शल्यवैद्य चौकशीला गेला. त्याच्या अहवालावर सह्या झाल्या त्या जानेवारी १७३२ मध्ये, बेलग्रेडला. तो महिना पुणेकराच्या ओळखीचा आहे. २२ जानेवारी १७३२ ला शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. तिकडे सरकारी डॉक्टर थडग्यातली प्रेतं तपासून टिपणं करत होता आणि इकडे १६,११० रुपये खर्चून उभ्या राहिलेल्या वाड्यात होम पेटला होता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी ऐतिहासिक फँटसी लिहिणाऱ्याला असा महिना आयता मिळाला तर त्याने तो सोडू नये.

पाओले कोण होता, हे त्याहून महत्त्वाचं. तो हायदुक होता, म्हणजे तुर्कांच्या सरहद्दीवर राखणीसाठी वसवलेल्या लढाऊ शेतकऱ्यांपैकी एक. जमीन कसायची आणि हाक आली की बंदूक घ्यायची. पुढे १८९७ साली ब्रॅम स्टोकरने आपला काउंट ड्रॅक्युला उभा केला, तेव्हा त्याच्याही तोंडी हीच बढाई घातली: तुर्कांच्या सीमेची राखण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे होती. भाचीच्या कादंबऱ्यांतला निष्ठावान रक्षक म्हणजे खलनायकाला अलीकडे दिलेली सफेदी आहे, असं मी समजत होते. कागद वाचल्यावर वाटतं, राखणदारी त्याच्यात पहिल्यापासून होती. सीमेवर ठेवलेला माणूस, ज्याने रक्त बघितलं आहे, ज्याच्यावाचून गावाचं चालत नाही आणि ज्याला गावात घ्यायचीही भीती वाटते. आपल्याकडे वेताळाला वेशीबाहेर बसवतात ते काय वेगळं आहे?

पुण्यात तर त्याला टेकडीवर बसवलाय. शहरातली सगळ्यात उंच जागा त्याची. आजची गुरुवार पेठही एके काळी वेताळ पेठच होती. सकाळी टेकडीवर चालायला येणारी मंडळी शेंदूर फासलेल्या देवासमोर क्षणभर थांबतात, हात जोडतात, घंटा वाजवतात आणि घड्याळात पावलं किती झाली ते बघत परत फिरतात. खाणीकडून मोर ओरडत असतो. टेकडी फोडून रस्ता न्यायचा की नाही यावर इतकी भांडणं झाली, की राखणदाराचीच राखण करायला माणसं उभी राहिली. हे विषयांतर झालं, पण टेकडीवर गेलं की ते होतंच.

वाड्याकडे परत येते. शनिवारवाड्याच्या भुताची गोष्ट सांगायला आता कोणी लागत नाही. परगावचे पाहुणेसुद्धा दिल्ली दरवाज्याचे खिळे बघायच्या आधी 'काका मला वाचवा' कुठे ऐकू येतं ते विचारतात. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, अठरा वर्षांचा नारायणराव. मला या गोष्टीत भूत नको असतं, कारण त्यावाचूनच ती पुरेशी भयंकर आहे. मारायला आलेले गारदी बाहेरून आलेले नव्हते. ते पेशव्यांच्याच चाकरीतले, वाड्याचे पहारेकरी. आत घुसताना त्यांच्या तोंडी ओरड होती थकलेल्या पगाराची. कट कोणाचा, कागदावर कोणी काय फिरवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पगार थकल्याची ओरड मात्र आपण तळटिपेत टाकतो. राखणदाराचा शिधा थकला की तो काय खातो, याचं इतकं सरळ उत्तर कुठल्याही फँटसीत मी वाचलेलं नाही.

त्या दुपारी खरोखर राखायला धावला तो एक सेवक. चापाजी टिळेकर. त्याने नारायणरावाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि गारद्यांनी त्यालाही कापलं. एवढंच. त्याच्या नावाची किंकाळी कोणाला ऐकू येत नाही. वाचवा म्हणणाऱ्याचं भूत झालं, वाचवायला गेलेल्याचं झालं नाही. लोक म्हणतील, त्याची इच्छा अपुरी राहिली नसेल. मला हे उत्तर फार सोयीचं वाटतं. मेलेल्या मालकासाठी तीनशे वर्षं जागणारा व्हॅम्पायर आपल्याला आवडतो, कारण तो देखणा आहे आणि त्याला पुन्हा पुन्हा धावून येता येतं. चापाजी एकदाच आला आणि संपला. असल्या निष्ठेवर रोजची मालिका चालत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती आपल्या विक्रम-वेताळाची. चांदोबातलं ते चित्र आठवून बघा: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. लहानपणी आपण राजाकडे बघायचो. आता बघताना वाटतं, इथे राखणदार आहे कोण? सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितलेली गोष्ट अशी, की गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा त्रिविक्रमसेन. क्षान्तिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो. राजा ते न बघता खजिनदाराकडे टाकतो. एकदा माकडाच्या हातून फळ फुटतं आणि आत रत्न निघतं. मग भिक्षू कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजाला स्मशानात बोलावतो आणि शिंशपेच्या झाडाला टांगलेलं प्रेत आणायला सांगतो. त्या प्रेतात वेताळ. पुढची कोडी, मौन मोडणं, वेताळाचं परत झाडावर जाणं, हे आपल्याला तोंडपाठ. शेवट फारसा कोणाला आठवत नाही. शेवटच्या कोड्यावर राजा गप्प राहतो आणि तेव्हा वेताळ त्याला सांगतो, की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घाल म्हणेल. तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालायचं माहीत नाही, तुम्ही दाखवा. तो आडवा झाला की डोकं उडव.

राजाचा जीव वाचतो तो प्रेतातल्या पिशाच्चामुळे. पण या पिशाच्चाने राजाला आयुष्यभराचा शब्द दिलेला नाही, त्याच्या घराण्याचं मीठ खाल्लेलं नाही. त्याने रात्रभर राजाला फेऱ्या घालायला लावल्या, खांद्यावर बसून त्याची अक्कल तपासली आणि मग ठरवलं, हा वाचवण्याच्या लायकीचा आहे. निष्ठा दाखवली ती राजाने. घामाघूम होऊन, वास मारणारं प्रेत वाहत, पुन्हा पुन्हा. ज्याला राखायचं तो राखणदाराला पाठीवर घेऊन चालतोय. इतका चोख व्यवहार त्या बर्फाळ किल्ल्यांत मला सापडत नाही. तिथली मुलगी खिडकीत झोपलेली असते आणि राखणदार थंडीत उभा.

वेताळाला नाही म्हणता आलं असतं. झाडावर उलटं लटकून राहता आलं असतं. राखणदाराच्या कुठल्याही गोष्टीत मी आता हेच शोधते: याला नाही म्हणायची सोय होती का? आणि हे शोधायला लागलं की पुणे जिल्ह्यात एका जागी येऊन थांबावं लागतं.

पुरंदरवर शेंदऱ्या बुरूज आहे. दंतकथा बहामनी अमदानीतली म्हणून सांगतात. बुरूज बांधायला घेतला की ढासळायचा. वारंवार ढासळायचा. मग दृष्टांत झाला, की जोडप्याचा बळी दिल्याशिवाय बुरूज उभा राहायचा नाही. बहिरनाक सोननाक याने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई आणून दिली. दोघांना बुरुजात जिवंत गाडलं आणि बुरूज उभा राहिला. बापाला दोन गावं इनाम मिळाली. नावांतल्या 'नाक'वरून समजतंच की ही महारांची माणसं, म्हणजे गड कोणाचा आणि पाया कोणाचा. गडकिल्ल्यांच्या वाटाड्यांकडून ही गोष्ट ऐकताना लोक 'बापरे' म्हणतात आणि पुढच्या पायरीकडे वळतात. हल्ली गड लष्कराच्या ताब्यात आहे, दारावर ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यामुळे वळायलाही फार वाव नाही.

ही गोष्ट खरी असो-नसो, राखणदार कसा तयार होतो ते तिच्यात उघड सांगितलं आहे. व्हॅम्पायरला कोणीतरी चावलेलं असतं. देवकाईला घरच्यांनी दिलेलं असतं. तिने गडाला शब्द दिलेला नाही. तरी गड तिच्यावर उभा.

आणि हा साधासुधा गड नाही. १६६५ मध्ये दिलेरखान चालून आला, मुरारबाजी देशपांडे इथे पडला, आणि तहात गेलेल्या २३ किल्ल्यांत पुरंदरही गेला. त्याच्यानंतर शंभरावर वर्षांनी, वाड्यात नारायणरावाचा खून झाल्यावर, बारभाईंनी त्याची गरोदर विधवा गंगाबाई हिला सुरक्षित ठेवायला जागा निवडली ती हीच. तिच्याबरोबर आणखी काही गरोदर बायका गडावर नेल्या होत्या, अशी कुजबुज तेव्हापासून आहे. मुलगी झाली तर बदलायला मुलगा असावा म्हणून. १८ एप्रिल १७७४ रोजी गंगाबाईला मुलगा झाला. सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं पोर पेशवा झालं.

मला लिहायची असलेली कादंबरी इथे आहे. तीनचारशे वर्षं बुरुजात उभी असलेली, भुकेली देवकाई. गडावर बाळंतिणीची खोली, आत दिवा, गरम पाणी, बायकांची धावपळ आणि रक्त. तिकडे राघोबादादा हे मूल जन्मू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला. गडाची राखण देवकाईकडे. जिवंतपणी जिची सावली या दारावर पडू दिली नसती, ती आता दाराशी उभी आहे आणि आतून तो वास येतोय. काचेने कापलेल्या बोटाचा प्रसंग याच्यापुढे अगदीच पोरकट. शिवाय तिला विचारायला प्रश्नही आहे: हे मूल मी का राखायचं? माझं कोणी राखलं होतं?

मी ठरवलं होतं, की ती राखते. का, ते लिहिता लिहिता समजेल. आणि ती बुरुजाला बांधलेली असल्यामुळे गडाबाहेर तिचा हात पोहोचत नाही. मुलगा मोठा होऊन पुण्याला जातो आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यातच वरून खाली पडून जातो. तिला पुरंदरवरून ते कळतं, करता काही येत नाही. मला हा शेवट बरा जमल्यासारखा वाटत होता.

भाचीला एका रात्री सगळं सांगितलं. तिने मोबाइल उलटा ठेवून ऐकलं, म्हणजे विषय लागला होता.

"पण मावशी, ती बांधलेली आहे हे कोणी ठरवलं?"

"गोष्टीतच आहे ना. बुरुजात गाडलं तिला."

"गाडलं होतं गं. तुमचा तो चपला मागणारा पण गाडलेलाच होता. तो आला की घरी."

मी म्हटलं, इतिहासाच्या तारखा बसवायच्या आहेत, बाळंतपण आहे, राघोबा आहे. ती म्हणाली, "ते सगळं नंतर. उठल्यावर ती आधी पेशव्यांचं बाळ कशाला बघेल? ती आधी त्या दोन गावांत जाईल. सासऱ्याकडे."

यावर मला काही सुचलं नाही आणि तेव्हापासून माझं पहिलं प्रकरण गडावरून खाली उतरलंय. इनामाच्या गावात रात्र आहे, म्हातारा ओसरीवर झोपलाय आणि दारात सून उभी. ती आल्या आल्या काय मागते, यावर आमचं एकमत होत नाही. भाची म्हणते, रक्त, आणि ते मागणार नाही, घेईल. मी म्हणते, आधी वहाणा. अख्खा पुरंदर ती अनवाणी उतरून आली आहे, आणि तिला परत वर जायचंय की नाही ते अजून तिनेच ठरवलेलं नाही.